सेल्वारमध्ये ‘नाही’ कसं म्हणावं

“नको असेल तरी नको म्हणायचं नाही. कपावर तळहात असा आडवा धरायचा आणि हसायचं,” शालन बाबर म्हणाल्या.

समोरच्या चौदा मुलींनी स्टीलच्या कपांवर तळहात धरले आणि हसल्या. दोघीतिघी जरा जास्तच हसल्या, तेव्हा बाईंनी टेबलावर लाकडी पट्टी आपटली.

“दात दाखवायचे नाहीत. ओठ मिटून. सेल्वारमध्ये दात दाखवून हसणं म्हणजे समोरच्याची टिंगल.”

विट्याच्या बसस्थानकामागे, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर, हा वर्ग नऊ वर्षं चालत होता. घर सोडून लांब जाणं विट्याला नवं नव्हतं. सोनं गाळायच्या धंद्यापायी इथली माणसं पिढ्यानपिढ्या देशभर पांगलेली. आता मुली त्याहून लांब निघाल्या होत्या. उत्तरेच्या समुद्रात सेल्वार नावाचा लहानसा बेटदेश होता आणि तो म्हातारा झाला होता. तिथली निम्मी माणसं सत्तरीपुढची. त्यांना उठवायला, बसवायला, न्हाऊ घालायला हात हवे होते, आणि ते हात खानापूर-आटपाडीकडून जात होते.

शालनबाई स्वतः कधी सेल्वारला गेल्या नव्हत्या. त्यांच्याकडे होती चौऱ्याऐंशी पानांची पुस्तिका, भरती करणाऱ्या संस्थेने दिलेली. ती त्यांना तोंडपाठ होती. उंबऱ्यात डावा बूट आधी काढावा. वस्तू देता-घेता दोन्ही तळहात पुढे करावेत. म्हातारं माणूस खिडकीतून बाहेर बघत असेल तर त्याच्या आणि खिडकीच्या मधून जाऊ नये. आणि शेवटचं प्रकरण, ज्याच्यावर त्या कायम आवाज जरा खाली आणून बोलत : सौम्यक.

सौम्यक म्हणजे गळ्याभोवती बसणारी बोटभर रुंदीची राखाडी पट्टी आणि कानात, समोरच्याचं बोलणं आपल्या भाषेत ऐकवणारा, एक मणी. माणूस बोलू लागला की पट्टी त्याच्या आवाजाच्या नेमक्या उलट लहरी सोडायची. त्यामुळे मूळ आवाज वीतभर अंतरावरच विझून जायचा. त्याच क्षणी पट्टीतून तेच बोलणं सेल्वारी भाषेत ऐकू यायचं. नुसतं भाषांतर नव्हे. त्यातला राग, टोचरेपणा, नकार काढून, घासूनपुसून सभ्य केलेलं. बाहेरून आलेले कामगार आणि तिथले लोक यांच्यात एका शब्दावरून डोकी फुटायची, असा एक काळ सेल्वारने पाहिला होता. सौम्यक आल्यापासून भांडणं जवळजवळ थांबली. आधी ते फक्त पाहुण्यांसाठी होतं, मग कचेऱ्यांत आलं, आता तिथले लोक घरातसुद्धा वापरत होते. विट्याच्या मुली त्याला ‘गोडबोल्या’ म्हणायच्या.

“तुम्ही चिडून बोला, रडून बोला,” शालनबाई सांगायच्या, “समोरच्याला लागेल असं काही तो पुढे जाऊच देत नाही. तुमच्या हातून चूक होणारच नाही.”

हे त्या मनापासून सांगत. म्हणूनच त्या दुपारी मिरी लोखंडेची आई जिना चढून आली आणि तिने कागद पुढे केला, तेव्हा शालनबाईंना तो दोनदा वाचावा लागला.

मिरी त्यांची दोन वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी. वर्गातली सगळ्यात चटपटीत. सेल्वारच्या ओरेन गावात एका वृद्धनिवासात ती कामाला होती. कागदात लिहिलं होतं की एका वृद्ध गृहस्थांना टबातून एकटीने उचलताना ती त्यांच्यासकट पडली. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तिचं मनगट. एकटीने उचलणं धोक्याचं आहे, हे तिने कधीही कळवलं नाही. उलट एक्केचाळीस वेळा समाधान व्यक्त केलं. धोका लपवल्याच्या आरोपावरून सुनावणी होईल. आरोप शाबीत झाल्यास शिक्षा, आणि यापुढे कुठल्याही देशात हे काम करायला बंदी. पालक किंवा शिक्षक हजर राहू शकतात.

“माझी पोरगी समाधान व्यक्त करणाऱ्यातली हाय व्हय?” मिरीची आई म्हणाली. “चुलीवर दूध ओतू गेलं तर गाव गोळा करती ती. बाई, तुम्ही शिकवलंत तिला. आता तुम्हीच जावा.”

शालनबाई गेल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी, पहिल्यांदाच.

सेल्वारच्या विमानतळावर त्यांनी पुस्तिकेतलं एकही कलम चुकवलं नाही. पट्टी गळ्यात बसली तेव्हा “जरा घट्ट होतीय,” असं त्या म्हणाल्या. शब्द त्यांच्या कवटीतच राहिले. बाहेर एक मऊ, अनोळखी बाई काहीतरी बोलली. अधिकाऱ्याने मान लववून पट्टी होती तशीच ठेवली आणि पुढच्या माणसाकडे वळला. परदेशी माणसाने पट्टी काढायची नाही, काढली तर तडक देशाबाहेर, ही सूचना त्यांच्या कानातल्या मण्याने शुद्ध मराठीत वाचून दाखवली. सूट फक्त अंघोळीपुरती. वीस मिनिटं.

मिरी कामगारांच्या वसतिगृहात होती. दार उघडलं आणि बाईंना बघताच ती रडायला लागली. गालांची हाडं वर आलेली, उजवा हात प्लास्टरमध्ये. तिचे ओठ भराभर हलत होते, हुंदका खांद्यापर्यंत येत होता, आणि बाईंच्या कानातला मणी सांगत होता :

“आपल्या आगमनाने मला आनंद झाला. प्रवास सुखाचा झाला असेल अशी आशा आहे.”

शालनबाई उंबऱ्यातच थबकल्या. “अगं, काय झालंय तुला?” त्या ओरडल्या. पट्टीने मिरीला काय ऐकवलं कोण जाणे, तिने डोळे मिटून घेतले. मग डाव्या हाताने बाईंचं मनगट धरलं, त्यांना न्हाणीघरात ओढलं, नळ सोडला आणि आधी स्वतःच्या, मग बाईंच्या गळ्यातली पट्टी काढली.

“बाई,” ती म्हणाली. घोगरा, खानापुरी आवाज. “वीस मिनिटं हायत. आता बोला.”

त्या वीस मिनिटांत शालनबाईंना सगळं कळलं. अकरा म्हाताऱ्यांमागे मिरी एकटी होती. पहिल्याच महिन्यात तिने व्यवस्थापकांना सांगितलं होतं की ओल्मो आजोबांना एकटीने उचलणं जमायचं नाही. मग दर पंधरवड्याला सांगत राहिली. ते हसून मान लववायचे. तिला वाटायचं, माणूस निगरगट्ट आहे. आरोपपत्रासोबत तिच्या बोलण्याचा उतारा आला तेव्हा तिला समजलं, की त्यांच्या कानावर प्रत्येक वेळी एकच वाक्य गेलं होतं : ‘या जबाबदारीबद्दल मी कृतज्ञ आहे.’

“आणि ओल्मो आजोबा? ते सांगत नाहीत?”

“त्यांच्याबी गळ्यात हायच की. ‘मी कोणाला दोष देत नाही,’ असं गेलंय त्यांचं. खरं काय बोलले, त्यांनाच ठाऊक.” मिरीने नाक पुसलं. “न्हाऊ घालताना दोघांच्याबी पट्ट्या काढायला लागायच्या. तेवढ्यात ते मला बोलायला शिकवायचे. नुसतं, उघडं सेल्वारी. म्हणायचे, आता आमच्या नातवंडांना एक शब्द ठाऊकच नाही. म्हातारी माणसं तेवढी राहिली.”

“कुठला शब्द?”

“हेश. म्हणजे नाही.”

नळाचं पाणी वाहत होतं. नऊ वर्षांत आपण किती मुलींना सांगितलं, तुमच्या हातून चूक होणारच नाही, याचा हिशेब शालनबाईंच्या डोक्यात सुरू झाला आणि त्यांनी तो मध्येच सोडला. दोनशेच्या पुढे होत्या. त्यातल्या कितीजणी आत्ता, या क्षणी, कोणाला तरी ‘नाही’ म्हणत असतील आणि समोरचा मान लववत असेल?

“शिकव मला,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“आजोबांनी तुला जे शिकवलं ते. मला शिकव.”

सुनावणीला चार दिवस होते. रोज वीस मिनिटं, न्हाणीघरात, नळ सोडून वर्ग भरायचा. या वर्गात बाई मिरी होती. शालनबाईंची जीभ जड. ‘हेश’मधला ह घशाच्या तळातून काढावा लागायचा, त्यांना तो खोकल्यासारखा यायचा. मिरी पुन्हा म्हणायला लावायची, बाईंसारखी लाकडी पट्टीच काय ती आपटायची बाकी होती.

तिसऱ्या दिवशी त्या वृद्धनिवासाच्या व्यवस्थापकांना भेटायला गेल्या. ब्रेन तोल्वार, पन्नाशीचे, ताठ, स्वच्छ माणूस. शालनबाईंनी डावा बूट आधी काढला, दोन्ही तळहात पुढे केले आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, “अकरा म्हाताऱ्यांना एक पोरगी? तुम्हाला लाज कशी वाटत नाही?”

तोल्वारांचा चेहरा उजळला. “आमची वास्तू आवडल्याचं सांगितलंत, फार बरं वाटलं,” मणी म्हणाला. त्यांनी उठून कपाटातून जांभळ्या बोरांच्या मुरंब्याची बरणी काढली आणि दोन्ही तळहातांवर ठेवून बाईंना दिली.

बरणी हातात धरून शालनबाई त्या माणसाकडे बघत राहिल्या. येताना त्यांनी त्याला मनातल्या मनात राक्षस ठरवला होता. तसा तो नव्हता. त्याने खरोखरच काही ऐकलं नव्हतं. गेली कित्येक वर्षं त्याच्यापर्यंत एकही तक्रार पोचली नव्हती, आणि आपण चांगलं काम करतो असा त्याचा प्रामाणिक समज होता. राक्षस असता तर सोपं गेलं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

सुनावणी ओरेनच्या नगरसभागृहात, सकाळी होती. उंच खिडक्या, फिकट लाकडाच्या रांगा, पन्नासेक माणसं. समोर तिघांचं मंडळ. मधे अध्यक्षा इल्का तेर्नू, चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेल्या. सगळ्यांच्या गळ्यात पट्ट्या. इतकी माणसं असून सभागृहात एक सपाट, मऊ गुणगुण तेवढी होती.

तोल्वारांनी मिरीची एक्केचाळीस वाक्यं ऐकवली. कृतज्ञ आहे. समाधानी आहे. आनंदाने करीन. मंडळातले लोक मान हलवत होते. मग मिरीला बोलायला सांगितलं. ती बोलली, तिच्या मानेच्या शिरा ताठल्या, आणि कानात आलं, ‘मंडळाच्या निर्णयाचा मी आदर करते.’

शालनबाई उभ्या राहिल्या. पुस्तिकेच्या एकोणिसाव्या पानावर लिहिलं होतं की अध्यक्षांनी नजर दिल्याखेरीज उभं राहू नये. त्यांनी मानेमागे हात नेला आणि पट्टीचा खटका दाबला. पट्टी टीं-टीं करू लागली. ती त्यांनी समोरच्या बाकावर ठेवली, कानातला मणी काढून तिच्याशेजारी ठेवला.

“हेश,” त्या म्हणाल्या.

ह खोकल्यासारखाच आला. पण सभागृहातली सगळी तोंडं वळली. पहिल्या रांगेतल्या एका तरुणाने कानावर हात नेला, जणू काहीतरी टोचलं. पाठीमागे एक म्हातारी बाई चटकन ताठ बसली.

“हेश,” बाई पुन्हा म्हणाल्या, आणि मग घोकलेलं मोडकंतोडकं सेल्वारी, एकेक शब्द दगडासारखा ठेवत : “ती म्हणाली नाही. खूप वेळा नाही. यंत्र खोटं बोललं. मला मूळ आवाज पाहिजे.”

दारातला रक्षक पुढे आला. अध्यक्षा काही बोलल्या. मण्याविना शालनबाईंना ते कळलं नाही. तोवर मिरीने डाव्या हाताने आपलीही पट्टी ओढून काढली होती.

“बाई, त्या म्हणतायत, तुम्हाला बरं वाटत नाही का, पाणी हवंय का.”

“त्यांना सांग, पाणी नको. मूळ आवाज. यांच्या कायद्यातच आहे ना ते?”

होतं. पट्टी सभ्य केलेलं बोलणं साठवायची तसा मूळ आवाजही साठवायची, यंत्राच्या तपासणीसाठी, आणि कोणताही पक्ष तो मागू शकत होता. तसं कलम पहिल्यापासून होतं. पण तो आजवर कोणी मागितल्याची नोंद नव्हती. मिरीने गेल्या महिन्याभरात सहा वेळा मागितला होता. सुनावणीआधी आलेल्या नव्या उताऱ्यात त्या सहाही ठिकाणी एकच वाक्य होतं : ‘आमचे आवाज जपल्याबद्दल आभार.’

मिरीने हे सेल्वारीत सांगितलं. थांबत, चुकत, आजोबांकडून शिकलेल्या जुन्या शब्दांत. ती बोलत असताना मागची म्हातारी मोठ्याने काहीतरी म्हणाली, आणि तिच्या पट्टीने ते काहीतरी भलतंच करून ऐकवलं असावं, कारण तिने संतापून पट्टीवर चापट मारली.

रक्षकाने शालनबाईंचा दंड धरला. त्यांनी बाकाची कड पकडली. “ओढ,” त्या मराठीत म्हणाल्या. “बघू कसा ओढतोस. मी विट्याहून इथवर आलेय, दारापर्यंत जायला मला घाई नाही.”

रक्षकाला त्यातलं अक्षर कळलं नाही. तरी त्याचा हात सैल पडला. एवढ्या जवळून, एवढ्या उघड्या आवाजात त्याच्याशी कोणी किती वर्षांत बोललं नसावं.

इल्का तेर्नूंनी शेजारच्या दोघांकडे पाहिलं. मग समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं.

आधी खरखर आली. मग सभागृहात मिरीचा आवाज भरला. दोन वर्षांपूर्वीचा, तरणाताठा.

“ओ साहेब, ऐका की. आजोबांना एकटीला उचलायला मला न्हाई जमायचं. दुसरं कोणतरी द्या.”

मग पुढचा. “साहेब, न्हाई म्हणतीय मी. परवा पाय घसरला माझा.” मग पुढचा. भाषा तिथे दोघींशिवाय कोणालाच कळत नव्हती आणि कळायची गरजही उरली नव्हती. दर वेळी आवाज थोडा चढत होता, मग चिरकत होता, मग रडत होता. तिसाव्या सुमाराला तो थकला. “न्हाई हो. न्हाई.” शेवटच्या चार-पाचांत नुसतं न्हाई होतं, कोणाला उद्देशून नसल्यासारखं.

तोल्वार उठून उभे राहिले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते काहीतरी बोलले. पट्टीने ते सभ्य करून ऐकवलं, आणि तेच ऐकून त्यांनी तोंड हातांनी झाकून घेतलं.

मिरीवरचा आरोप त्या दिवशी मागे घेतला गेला, आणि तिला पट्टी न घालण्याची सूटही मिळाली. शालनबाईंना मात्र माफी नव्हती. पट्टी काढणं हा गुन्हा, आणि कायदा म्हणजे कायदा. दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानाने त्यांची पाठवणी झाली. पुन्हा सेल्वारमध्ये पाय ठेवायला बंदी घातली. बंदीच्या कागदावर ‘आपल्या भेटीने आम्ही उपकृत झालो’ असं छापलेलं होतं. मिरी परतली नाही. “आजोबा अजून अंथरुणात हायत,” ती म्हणाली. “आणि इथल्या बाकीच्या पोरींना कोण सांगणार?” बाईंनी तिला आग्रह केला नाही.

विट्यात आल्यावर आठवड्याच्या आत भरती संस्थेचं पत्र आलं : वर्गाची मान्यता रद्द, पुस्तिका परत करावी. शालनबाईंनी पुस्तिका पाठवून दिली. पाठ होती ती, कागदाचं काय एवढं! चौदांपैकी नऊ मुली दुसऱ्या गावच्या मान्यताप्राप्त वर्गाला गेल्या. राहिलेल्या पाच जणींना त्यांनी पहिल्या दिवशी उभं केलं, घशाच्या तळातून ह काढायला लावला, आणि दुकानातला मालक वर येऊन “बाई, कोणाला ठसका लागलाय का?” असं विचारेपर्यंत म्हणून घेतला. बूट, तळहात, खिडकी हे सगळं त्यानंतर. ते खोटं नव्हतंच. दुसऱ्याच्या घरी कसं वागावं हे शिकायलाच हवं. पण आधी आपला आवाज त्या घरात पोचतो की नाही, ते बघायचं.

दर महिन्याला एक-दोन मुली वाढत गेल्या. सेल्वारमधल्या जुन्या विद्यार्थिनींचे निरोप येऊ लागले : कोणी मूळ आवाज मागितला, कोणी पट्टी काढून परत आली, एकीला शिक्षा झाली. त्या एकीसाठी शालनबाई तीन दिवस जेवल्या नाहीत. चौथ्या दिवशी जेवल्या आणि वर्गावर गेल्या.

पाचेक महिन्यांनी, भर वर्गात, मिरीचा फोन आला. पडद्यावर तिच्या शेजारी एक बाई बसली होती. केस मोकळे, गळा उघडा. शालनबाईंना ओळखायला वेळ लागला. इल्का तेर्नू. पट्टीच्या जागी मानेवर फिकट गोरा पट्टा उमटला होता.

“बाई, ह्यांना तुमच्याशीच बोलायचंय,” मिरी म्हणाली. “मी सांगते मराठीत, जसंच्या तसं.”

इल्का बोलू लागल्या. त्यांचा स्वतःचा आवाज जाडाभरडा होता आणि त्यांनाच त्याची सवय नसावी. मधेच थांबून त्या घसा खाकरत होत्या.

“त्या म्हणतायत, त्यांची आई सहा वर्षं वृद्धनिवासात होती. दोन वर्षांपूर्वी वारली. ह्या दर रविवारी भेटायला जायच्या. आई म्हणायची, मी सुखात आहे, तू आली नाहीस तरी चालेल. शेवटपर्यंत हेच म्हणाली.” मिरी थांबली. इल्कांनी तिच्याकडे न बघता पुढचं सांगितलं. “आता त्यांनी आईचे मूळ आवाज मागवलेत. सहा वर्षांचे. आजच आलेत. टेबलावर हायत. त्या विचारतायत, ऐकू का?”

शालनबाईंनी हातातली लाकडी पट्टी खाली ठेवली. त्या दूरदेशीच्या बाईला काहीतरी मऊ, बरं वाटेल असं सांगावं, असं त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

“ऐका,” त्या म्हणाल्या. “पण मिरे, जसंच्या तसं सांग हं त्यांना. ऐकल्यावर तुम्हाला पुन्हा अध्यक्षांच्या त्या खुर्चीत गप्प बसता येईल का?”